बाबूजींची जीप आणि मावशींचं पाणी

टोइंगचा हुक लावला, पट्टा ताणला आणि जीपचा बंपर आमच्या गाडीमागे निघून आला. जीप जागेवरच राहिली.

"थोडा गंज आहे, मॅडम," असं मला फोनवर सांगण्यात आलं होतं.

इतकी वर्षं गाड्यांच्या बॉडीचं काम करून मी एक शिकले आहे. मालक "थोडा गंज" म्हणाला की पत्रा शोधत बसायची तयारी ठेवावी. "बराच गंज" म्हणाला तर जाऊच नये. फोटो मागवावा आणि श्रद्धांजली वाहावी.

माझं अमरावतीत छोटं वर्कशॉप आहे. त्याआधी मी एका डीलरकडे बॉडी शॉपची मॅनेजर होते. बॉडी शॉप म्हणजे इंजिनाला हात न लावता बाकीची गाडी माणसात आणायची जागा. डेंटिंग म्हणजे चेपलेला, सडलेला पत्रा ठोकून, कापून, जोडून सरळ करणं. पेंटिंग म्हणजे ते केल्याचं कुणाला कळू न देणं. मी कामाच्या याद्या करते. लोक त्यावर हसतात, आणि काम अडलं की यादी मागतात.

बंपर हातात घेऊन उभे असलेले गृहस्थ विलास तायडे. बँकेत मॅनेजर. घर अकोल्याच्या पुढे, अकोट रस्त्याला लागून असलेल्या एका गावात. जीप त्यांच्या वडिलांची. जुनी, फोर-बाय-फोर, कापडी हुडाची. वडिलांना घरात आणि गावात सगळेच बाबूजी म्हणतात, म्हणून मीही म्हटलं.

"चला, बरं झालं," तायडे म्हणाले. "आता घरीच करू. मी व्हिडिओ पाहिलेत, मॅडम. फॉरेनला सगळे घरीच करतात."

त्या व्हिडिओंमधल्या माणसांना एसी गॅरेज असतं, तेरा प्रकारचे पाने असतात आणि व्हिडिओ कापून कामाचे चार महिने अकरा मिनिटांत बसवायची सोय असते. आमच्याकडे अंगण होतं, मार्चचं ऊन होतं आणि चौदा एप्रिलची जयंती महिन्यावर होती.

ही जयंतीची भानगड आधी सांगते, कारण सगळं काम तिच्यासाठीच होतं. बाबूजी पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. हीच जीप चालवायचे. खात्यानं ती लिलावात काढली, तेव्हा त्यांनीच घेतली. तेव्हापासून गावातल्या जयंतीच्या मिरवणुकीत पुढे ही जीप असते. बॉनेटवर प्रतिमा, चालवायला विलास, आणि बाबूजी डावीकडच्या सीटवर.

"सारी नोकरी उजवीकडं बसलो," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "डावी सीट सायबाची. आता वर्सातून एक दिवस मी सायेब."

मागच्या वर्षी मिरवणूक ऐन चौकात असताना साहेबांचा डावा पाय फ्लोअरमधून खाली गेला. फ्लोअर म्हणजे पाय ठेवायचा पत्रा. मिरवणूक हळू चालली होती म्हणून निभावलं. बाबूजी काही पावलं जीपमध्ये बसून रस्त्यावर चालले. जीपला पाचवं चाक मिळालं, असं गावातली पोरं अजून म्हणतात. उत्सव समितीनं मग ठराव केला: यंदा ट्रॅक्टर-ट्रॉली. जीप आणायचीच असेल तर ती आधी समितीला दाखवायची.

बाबूजी म्हणाले, "मंग मी घरीच बसतो." त्यांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. पुढच्या वर्षी बघू, असं त्यांना सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

तर जीप तपासायला घेतली. माझ्या पर्समध्ये एक लोहचुंबक असतं. पत्र्याला ते चिकटतं. लांबीला चिकटत नाही. लांबी म्हणजे खड्डे भरायचं पुट्टीसारखं मटेरियल. मी चुंबक उजव्या दारापाशी लावलं, पडलं. मागे लावलं, पडलं. डाव्या फ्लोअरजवळ तर मी ते खिशातच ठेवलं, हरवलं असतं.

माझे डेंटर-पेंटर रफिकभाई. त्यांनी स्क्रूड्रायव्हरनं हलकेच टोचून पाहिलं. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला.

"मॅडम, ये लोहा नहीं, पापड है," ते म्हणाले. "पेंट के भरोसे खडी है."

खरंच होतं. दर जयंतीच्या आधी घरचे लोक जीपला हौसेनं ऑइलपेंटचा एक हात मारत. गंजावर रंग, रंगावर गंज, त्यावर पुन्हा रंग. कापलेली कड लेयर केकसारखी दिसत होती.

मला कोडं वेगळंच पडलं होतं. वऱ्हाडातल्या गाड्या उन्हानं मरतात. रबर फाटतं, सीट जळतात, रंग उडतो. असा गंज मी फक्त किनाऱ्यावरून आलेल्या गाड्यांना पाहिला होता. मासळी वाहणाऱ्या टेम्पोला शोभला असता.

"बाबूजी, ही जीप कधी कोकणात होती का?"

"कोकनात? हे पातूरच्या घाटापलीकडं गेली नाई कधी."

"मग पावसात उभी असते का?"

त्यांना राग आला. "शेड कायले बांधलं मंग? अवो बाई, रोज सकाळी धुतो मी हिले. खात्यात व्हती तवापासून. एक दिवस खाडा नाई. माह्या आंघोळीचा हुईन, हिच्या नाई."

मी मान डोलावली. इतकी स्वच्छ गाडी इतकी सडलेली मी पाहिली नव्हती, पण कारण शोधायला वेळ नव्हता. यादी केली.

यादी तायडेंना दिली. वेल्डिंगला विजेची वेगळी लाइन. ताडपत्री. वाळूची पाटी, कारण वेल्डिंगच्या ठिणग्या कुणाला विचारून उडत नाहीत. आणि ड्रमभर गोडं पाणी. त्याखाली मी दोन रेघा मारल्या.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. अकोल्याच्या आसपास पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खणा, बोअर मारा, तेच. धुणं-भांडी, आंघोळ, जनावरं त्यावर निभतात. प्यायचं गोडं पाणी नळयोजनेचं. ते धरणावरून येतं आणि त्याच्या सवडीनं येतं. म्हणून प्रत्येक घरात गोड्या पाण्याची झाकण घट्ट असलेली टाकी असते, आणि त्या झाकणावर घरातल्या कुणाचा तरी हात असतो.

गोडं पाणी मला का हवं होतं? जिथला पत्रा वाचण्यासारखा असतो, तिथला गंज काढायला रस्ट रिमूव्हर लावतात. ते एक प्रकारचं ॲसिडच. काम झालं की ते धुवावं लागतं. धुवायचं पाणी खारं असेल तर मीठ पत्र्यावर राहतं. त्यावर रंग मारला की मीठ आत, रंग बाहेर, आणि गंजाला बंद खोलीत निवांत काम करता येतं.

"गोडं पाणी झालं?" मी धुण्याच्या दिवशी विचारलं.

"झालं, मॅडम. ड्रम भरून ठेवला." बँकेचा मॅनेजर, इस्त्रीचा शर्ट, डोळ्याला डोळा भिडवून उत्तर. मी यादीत टिक केली.

त्याआधी नवीन पत्र्याचं फ्लोअर बसलं होतं. डाव्या बाजूला मी मुद्दाम जाड पत्रा घेतला. रफिकभाईंनी वेल्डिंग केलं आणि बाबूजी शेजारी खुर्ची टाकून बसले, डोळ्यांना काळा चष्मा लावून, साहेबासारखे. रंगाचंही ठरलं. तायडेंना मॅट ब्लॅक हवा होता, व्हिडिओतल्यासारखा.

"काळी कायले?" बाबूजी म्हणाले. "कोनाच्या मयतीले चाललो का आपन? खात्याचा व्हता तोच राखाडी मारा."

मॅट ब्लॅकचा विषय तिथे संपला.

रस्ट रिमूव्हर लावलं, घासलं, ड्रममधल्या पाण्यानं धुतलं, पुसलं, कंप्रेसरच्या हवेनं सुकवलं. मग प्रायमर. प्रायमर म्हणजे रंगाच्या आधीचा थर. भिंतीला पांढरा हात मारतात तसं. त्याला बारीक पाणीपेपर मारला, म्हणजे पाणी सोडत सोडत घासलं. पाणी अर्थात त्याच ड्रममधलं. जीप गुळगुळीत, करडी, देखणी दिसायला लागली. समितीचे सचिव येऊन दोन फोटो काढून गेले. मी अकोल्यात बहिणीकडे मुक्कामाला होते. त्या रात्री नीट झोपले.

दोन-तीन दिवसांनी प्रायमरला घामोळं आलं.

दुसरा शब्द नाही त्याला. खालच्या कडांना, कोपऱ्यांत, फ्लोअरच्या जोडावर बारीक बारीक पुटकुळ्या. एक नखानं फोडली. आत ओलसर तांबूस ठिपका. जयंती आठवड्यावर होती.

तायडे म्हणाले, "प्रायमर डुप्लिकेट असेल."

त्याच डब्यातला प्रायमर अमरावतीला दुसऱ्या गाडीला मारला होता. फोन करून विचारलं, ती ठणठणीत होती. रफिकभाईंच्या हातात खोट नव्हती. हवा इतकी कोरडी की पापड अंगणात टाकला तर उचलेपर्यंत वाळावा. राहिलं काय? पाणी.

आता इथली गंमत पाहा. एरवी रफिकभाई कुठेही कामाला गेले की आधी ड्रममधलं ओंजळभर पाणी तोंडात घेतात. पण रमजान होता, त्यांचे रोजे चालू होते. पाण्याला तोंड लावायचा प्रश्नच नव्हता. आणि मी खबरदार बाई. माझी पाण्याची बाटली मी बरोबर नेते. त्यामुळे त्या ड्रमपाशी इतके दिवस आम्ही दोघं उभे होतो आणि एकाच्याही जिभेला त्यातला थेंब लागला नव्हता.

मी बोट बुडवून चाखलं. डाळीत एवढं मीठ पडलं तर ताट परत जातं.

"तायडे साहेब, हे पाणी कुठलं?"

साहेबांनी शर्टाची बाही नीट केली. "मॅडम, म्हणजे, टेक्निकली पाणी म्हणजे पाणीच ना. एचटूओ."

"बोअरचं?"

"आईला मागितलं होतं मी."

आई दारातच उभ्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. लहान चणीच्या, आवाज मात्र समितीच्या लाउडस्पीकरला पुरून उरेल असा.

"मागतलं व्हतं ना यानं," त्या म्हणाल्या. "मीच नाई म्हनलं. नळ येऊन आठ दिस झाले. लगनाचे दिस, जारवाला जार देत नाई, समदे जार मांडवात. घरातली मानसं प्यासी ठेवू अन् गाडीले नाहू घालू? कोन्या शहान्यानं सांगतलं हे?"

सांगणारी शहाणी समोरच होती.

"मग मला का नाही सांगितलं?" मी तायडेंना विचारलं.

"तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या, मॅडम."

म्हणजे एकीकडे माझ्या दोन रेघा, दुसरीकडे आईचा नकार. बँकेत मोठमोठ्या लोकांना नाही म्हणणाऱ्या माणसानं घरात दोघींनाही हो म्हटलं होतं.

"अवो, पन बोअरच्या पान्यानं गाडी सडते, हे कोन म्हनते?" बाबूजी खुर्चीतून म्हणाले. "उगीच काईबी."

वाद घालण्यापेक्षा दाखवावं, हे मी ग्राहकांकडून शिकले आहे. मावशींकडून दोन स्टीलच्या ताटल्या मागितल्या. एकीत ड्रममधलं पाणी पळीभर, एकीत माझ्या बाटलीतलं. दोन्ही उन्हात बॉनेटवर ठेवल्या. चहा होईपर्यंत दोन्ही सुकल्या. माझ्या पाण्याची ताटली जवळपास कोरी. ड्रमच्या ताटलीत पांढरं, खरखरीत वर्तुळ.

बाबूजी उठून आले. त्यांनी त्या वर्तुळावर बोट फिरवलं. बोट जिभेला लावलं. मग बॉनेटकडे पाहिलं.

"असे गोल डाग येत व्हते हिच्यावर," ते म्हणाले. "रोजच. मी समजो धूळ हाय. तेलाच्या फडक्यानं पुसून टाको."

तायडे काही बोलणार होते, मी त्यांच्याकडे पाहिलं, ते थांबले.

"खात्यात व्हतो तवा धरनाच्या कॉलनीत राहो आमी," बाबूजी म्हणाले. "तिथचं पानी गोड. सायबाची गाडी धुतली, काई झालं नाई तिले. रिटायर झालो, हे घर बांधलं, फंडाच्या पैशातून बोअर मारला. पयले पानी लागलं तवा पेढे वाटले गावात." त्यांनी ताटली उलटी करून ठेवली. "सायबाची व्हती तवर चांगली व्हती. माही झाली अन् मीच खाल्ली."

ते घरात गेले. जाताना मुलाला म्हणाले, "ट्रॅक्टरचं सांग समितीले. मी काई बसत नाई."

धंद्याच्या हिशेबानं तिथे मी सामान आवरायला हवं होतं. अट पाळली गेली नव्हती, ती यादीत होती, टिकसकट होती. मी रफिकभाईंना एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी येऊ, मग ठरवू." ते म्हणाले, "इनके घर का मामला है, मॅडम, सुबह तक इनको आपस में घिसने दो."

सकाळी आलो तेव्हा बाबूजी शेडपाशी उभे होते. हातात नेहमीची बादली, रिकामी. खांद्यावर फडकं. जीप धुवायची वेळ होती आणि धुवायचं नव्हतं. ते बादली खाली ठेवत, पुन्हा उचलत. बोअरच्या नळापर्यंत जात आणि परत येत. आम्ही आल्याचं त्यांना कळलंही नाही.

मावशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पाहत होत्या. बऱ्याच वेळापासून पाहत असाव्यात, कारण चुलीवरचा चहा उतू गेलेला होता आणि तो त्यांच्यासारख्या बाईचा उतू जात नाही. त्या बाहेर आल्या. टाकीपाशी गेल्या. झाकण काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

"इकडं आना थे बादली," त्या बाबूजींना म्हणाल्या.

"राहू दे वं. प्यायचं पानी हाय."

"मले शिकवू नोका. इतकी वर्सं थ्याच बोअरच्या पान्यानं आंग धुतलं मी. मले कोनी लावला का प्रायमर? केस गेले, चामडी गेली, एक सबद बोलली का? हिले घामोळं आलं तं पंचायत बसली दारात."

बाबूजी हसले नाहीत, पण बादली दिली.

मावशी माझ्याकडे वळल्या. "किती लागन? खरं सांगजा. अन् वाढवून सांगू नोका, लेकासारखं."

मी खरं सांगितलं. ड्रम लागणार नव्हता. घामोळं आलेला भाग तेवढाच उघडा करायचा, पाणी ओतायचं नाही, स्वच्छ कपड्यानं पुन्हा पुन्हा पुसून घ्यायचं, मीठ निघालं की लगेच सुकवायचं. बाकी घासणं सगळं कोरडं. कामाला दुप्पट वेळ लागतो, पण बादल्यांत भागतं.

"मंग हे पह्यलेच मले कावून नाई इचारलं?" मावशी म्हणाल्या. "डरम ऐकला अन् मी नाई म्हनलं. बादल्या म्हनल्या असत्या तं देल्या नसत्या का?"

मी यादीतलं "ड्रमभर" खोडलं आणि "बादल्या" लिहिलं.

पुढचे दिवस मावशी स्वतः बादली घेऊन उभ्या राहिल्या. रफिकभाईंनी कोरं फडकं बुडवलं की त्या म्हणत, "पिळा, पिळा, बादलीतच पिळा." रफिकभाईंना त्या रोज संध्याकाळी रोजा सोडायला त्याच टाकीतलं पाणी तांब्याभर द्यायच्या. ते मोजणीत धरायच्या नाहीत. तायडेंना मी कोरड्या पेपरनं फ्लोअर घासायला बसवलं. पहिल्या तासात त्यांचे व्हिडिओ संपले, दुसऱ्या तासात शर्टाची इस्त्री.

पुन्हा प्रायमर. दोन दिवस सगळे जण येता-जाता बोटं फिरवून घामोळं शोधत होते. आलं नाही. राखाडी रंग मारला. ताडपत्रीखाली मारला, त्यामुळे एका मडगार्डवर धुळीचे चार कण बसले आहेत. मला ते कुठे आहेत ते माहीत आहे, इतर कुणाला सांगणार नाही.

समितीचे सचिव तपासणीला आले. त्यांनी डाव्या फ्लोअरवर उभं राहून उड्या मारल्या. बाबूजी म्हणाले, "झालं का? का पोरंबी बोलावता उड्या माराले?" सचिव उतरले. ट्रॅक्टर-ट्रॉली मिरवणुकीत होती, पण मागे, लाउडस्पीकर घेऊन.

जयंतीला मी गेले. रफिकभाईही आले, म्हणाले काम बघायला आलो. बॉनेटवर प्रतिमा होती. बाबूजी पांढऱ्या कपड्यांत डाव्या सीटवर, दोन्ही पाय फ्लोअरवर, जरा जास्तच आपटून ठेवलेले. चौकातला तो मागच्या वर्षीचा भाग आला तेव्हा त्यांनी वाकून खाली पाहिलं. मग समोर पाहिलं आणि चौक संपेपर्यंत साहेबासारखी मान ताठ ठेवली. उधळलेल्या निळीनं गाडी, माणसं, मी, सगळेच न्हालो.

दुसऱ्या दिवशी कंप्रेसर न्यायला गेले. समितीची पोरं सेवा म्हणून पाइप घेऊन आली होती, गाडी धुवायला. बोअरच्या नळाला जोडलेला पाइप. बाबूजी जीप आणि पोरांच्या मध्ये काठी आडवी धरून उभे होते.

"हात नोका लावू. नीळ हाय, गंज नाई. राहू द्या आजच्या रोज."

पोरं गेली. मग बाबूजींनी फडकं पुढे केलं. मावशींनी तांब्यातून त्यावर पाणी घातलं, जेमतेम ओलं होईल इतकं. त्यांनी दार पुसलं आणि फडकं पुन्हा पुढे केलं. तांब्या काही मावशींनी सोडला नाही.

"मॅडम, वॉरंटी किती समजायची?" तायडेंनी विचारलं.

"मावशींना विचारा," मी म्हटलं.

यादीत मी आता "गोडं पाणी" एवढंच लिहीत नाही. काम घ्यायच्या आधी माझी बाटली गाडीतच ठेवते, घरात जाते आणि प्यायला पाणी मागते. चव कळते. शिवाय ते आणून देणारी कोण, हेही कळतं. काम तिच्याशी ठरवायचं असतं.